युलिसकाकांचा उतरता सूर

ओदालीनं अकॉर्डियनचा भाता ओढला आणि युलिसकाकांच्या हातातला गरम बुडँ सॉसेजचा तुकडा तोंडाशी जाता जाता थांबला.

शनिवारची सकाळ. काकांच्या शेडमध्ये खुर्च्या गोल मांडलेल्या, कॉफी उकळून उकळून काळीकुट्ट झालेली. फिडलवाला क्लोविस खुंटी पिळत बसला होता. ओदालीच्या मांडीवर काकांनीच कधीकाळी बनवलेला अकॉर्डियन होता. शाळा सोडल्यापासून क्रॉफिश झिंगे सोलून बोटं फाटली होती तिची. ती सगळी कमाई त्यात गेली होती. टेक्सासातल्या एका बाईनं तो फोनवरच्या लिलावात काढला होता, आणि अगदी शेवटच्या घटकेला बोली चढवून ओदालीनं तो उचलला होता. आज काकांना दाखवायला मुद्दाम आणला होता.

"पुन्हा वाजव," काका म्हणाले.

तिनं वाजवलं.

"न बघता घेतलेला माल," क्लोविस म्हणाला. "नवरा करशील तेव्हा तरी आधी बघून ये, पोरी."

"तुमच्या बायकोनं बघूनच केला होता ना? काय फायदा झाला?"

क्लोविस खो खो हसला. काका हसले नाहीत. मान तिरपी करून त्यांनी तिच्या बोटाखालचं एक बटण दाबून धरलं.

"हा तिसरा सूर चढलाय. मी तो जरासा उतरवून ठेवतो. माझा बापही तसंच करायचा. त्याशिवाय आपलं गाणं रडत नाही. कुणी हात लावला का आतल्या सुरांच्या पत्त्यांना?"

ओदालीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पार्सल आलं त्याच दिवशी तिनं फोनवरचं सूर मोजायचं ॲप समोर ठेवून एकेक सूर तपासला होता. तिसऱ्या सुराला काटा खाली पडायचा. कानाला काही खटकत नव्हतं, पण काटा खोटं कशाला बोलेल? डोकं फिरलं तिचं. लिलावाच्या पानावर बाईच्या नावाखाली तिनं लिहून टाकलं, 'बेसूर माल गळ्यात मारला.' बाईनं उलट माफीच मागितली होती. मग ओदालीनं अकॉर्डियन खोलला, कानस घेतली आणि काटा मधोमध येईपर्यंत पत्त्यांची टोकं घासली.

"असाच आला," ती म्हणाली. "मी तर उघडलासुद्धा नाही."

काकांनी बुडँ बशीत ठेवला. कानामागचं यंत्र चाचपलं.

"म्हणजे इथून असाच गेला. तेव्हाच माझा कान गेला होता तर. आणि मी आपला बनवत बसलो."

"अहो, एखादा जातो तसा," क्लोविस म्हणाला.

"माझ्या हातून नाही जात."

काका उठले. कामाच्या बाकावर नव्या अकॉर्डियनचा मेपलच्या लाकडाचा अर्धवट सांगाडा होता. त्याच्यावर त्यांनी कापड टाकलं, कडेनं नीट खोचलं.

"याच्या मालकाला फोन कर, क्लोविस. दुसरा कारागीर बघ म्हणावं."

"एवढ्याशावरून?" ओदाली खेकसलीच.

"एवढंच तर असतं यात, पोरी." त्यांनी तिच्या अकॉर्डियनकडे हात पुढे केला. "आण, निदान हा तरी सुधारून..." हात तसाच मागे गेला. "कुठल्या कानानं सुधारू?"

क्लोविसनं फिडल पुन्हा पेटीत ठेवली. गाणं व्हायच्या आधी. असं कधी झालं नव्हतं.

ओदालीच्या पायाशी अकॉर्डियनचं खोकं होतं, आणि तिची टाच मघापासून त्याच्या झाकणावर दाबलेली होती. तिनं टाच उचलली. वाकून कडी काढली, आतलं फडकं सोडलं आणि कानस नेऊन बाकावर ठेवली. काकांच्या तोंडाकडे बघणं जमलं नाही. ती त्यांच्या बुटांकडे बघत राहिली.

काकांनी कानशीच्या दातांवरून अंगठा फिरवला. अंगठ्याला पत्त्यांच्या पोलादाचा चकाकता कीस लागला. त्यांनी अंगठा उजेडात धरून बघितला.

"फोन नको करूस," ते क्लोविसला म्हणाले, आणि कापड ओढून काढलं.

क्लोविसनं फिडल परत खांद्याला लावली. ओदालीला कुणी जा म्हटलं नाही. वाजव असंही कुणी म्हटलं नाही. तिनं भात्याचा पट्टा बंद केला, खिशातून फोन काढला आणि ती टेक्सासातल्या त्या बाईच्या नावाखालचं आपलंच वाक्य शोधायला लागली.