बिनउंबरठ्याची चौकट

“या घरातली एक भिंत काटकोनात असेल तर शपथ,” ओल्या चादरीपलीकडे मिस्त्री पुटपुटला. “बांधणाऱ्याने काय डोळे मिटून बांधलं होतं का?”

“बांधणारे आमचे बाबा,” चादरीच्या अलीकडून ताई म्हणाली. “डोळे उघडेच होते. पण ते सुतार होते, गवंडी नव्हते.”

पलीकडे क्षणभर पहार थांबली. कोणीतरी हसू दाबल्याचा आवाज आला आणि पहार पुन्हा भिंतीवर पडू लागली, जरा बेताने.

धूळ आत येऊ नये म्हणून भावजयीने सकाळी आल्या आल्या मधल्या दारावर चादर भिजवून टांगली होती आणि ताईला मागच्या खोलीत पलंगावर बसवून ठेवलं होतं. नाकात नळी, नळीचं दुसरं टोक कोपऱ्यात घुरघुरणाऱ्या ऑक्सिजनच्या यंत्राला. तिची फुफ्फुसं आतून कडक होत चालली होती. ‘स्पंजाचा पुठ्ठा होतोय,’ असं शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि तिने पुढचं काही विचारू नये म्हणून लगेच दुसऱ्या पेशंटला हाक मारली होती. ताईला उपमा मात्र पटली होती.

घर जंगलात होतं, कारण लाकूड जंगलात होतं. बाबांनी इथे कापलेल्या फळ्या वाळवायची शेड घातली होती. पुढे आरागिरणी शहरात गेली, तिच्यामागे धाकटा भाऊ गेला आणि शेडवर लक्ष ठेवायला घरचं माणूस हवं म्हणून ताई राहिली. काम दिसायला काहीच नव्हतं. फळ्यांच्या थरांमध्ये पट्ट्या ठेवायच्या, वारा खेळता ठेवायचा, फळ्या पालटायच्या, आणि वाट बघायची. घाई केली की फळी तडकते, हे तिने भावाला शिकवलं, भाच्याला शिकवलं, लाकूड न्यायला आलेल्या प्रत्येक उतावळ्या गिऱ्हाइकालाही ऐकवलं. आता शेडमध्ये फारसं काही उरलं नव्हतं. भाऊ प्लायवूड विकत होता. त्याला वाळायला वेळ लागत नाही.

आजारपणात तिने घरभर स्टुलं मांडून ठेवली होती. चुलीपासून पाण्यापर्यंत एक, पाण्यापासून पलंगापर्यंत एक. स्टुलावरून स्टुलावर जायचं, मध्ये बसून श्वास गोळा करायचा. झाडाची फांदी तारेवर पडून वीज गेली की यंत्र बंद पडे. मग सिलिंडरची किल्ली फिरवायची आणि तारवाला येईपर्यंत काटा उतरताना बघत बसायचं. अशा वेळी ती मोठ्याने बोलायची. यंत्राशी, काट्याशी, एकदा तर फांदीशी. आजूबाजूला ऐकणारं कोणी नव्हतं, त्यामुळे वेड लागलं म्हणायलाही कोणी नव्हतं.

“झालं बघा, वन्सं,” भावजय चहाचा कप घेऊन चादर बाजूला करत आत आली. “संध्याकाळपर्यंत चाकाची खुर्ची थेट अंगणात. उन्हात बसायचं, पाखरं बघायची. आमच्याकडे सगळे विचारतात हो, एकट्या कशा राहतात म्हणून. मी म्हणते, त्यांना जंगलाशिवाय करमतच नाही.”

“असं मी कधी म्हटलं?”

भावजय कपाच्या कानाशी चाळा करत राहिली. “साखर बघा बरं, जास्त झाली का.”

साखर बरोबर होती. तिच्या हातची साखर कधी चुकत नसे. चुकत असती तर ताईला बरं वाटलं असतं.

या कुटुंबाची एक रीत होती. अडचण आली की बोलायचं नाही, काहीतरी ठोकायचं. आई गेली तेव्हा बाबांनी पोरांना जवळ घेतलं नाही, दोघांना एकेक पेटी करून दिली. ताईला पहिल्यांदा पायरी चढवेना, तर भावाने येऊन उतार बांधला. न्हाणीघरात घेरी आली, तर धरायला दांडा बसवला. प्रत्येक वेळी तो घाम पुसत म्हणे, “आता कसं, सोपं झालं ना?” आणि सोपं व्हायचंही. भाऊ लहानपणी बाबांचा गुण्या, म्हणजे सुताराचा काटकोन, कुशीत घेऊन झोपायचा म्हणून त्याला सगळे गुण्याच म्हणत. केस पांढरे झाले तरी नाव तेच राहिलं.

एकच गोष्ट तो इथे बांधत नव्हता. ती त्याच्या घरी होत होती. आजार कळला त्या उन्हाळ्यात त्यानेच म्हटलं होतं, “ताई, खाली तुझ्यासाठी खोली काढतो. दवाखाना कोपऱ्यावर आहे. रात्री हाक मारलीस तर ऐकू येईल.” ती दुसऱ्या दिवशी शेडमध्ये गेली आणि सगळ्यात जुन्या थरातलं लाकूड स्वतः निवडून त्याच्या टेम्पोत चढवून दिलं, दाराच्या चौकटीसाठी. एकच अट घातली: खाली उंबरठा नको, खुर्चीचं चाक अडेल.

मग खोलीची बातमी फोनवर येऊ लागली. भिंती झाल्या. गिलावा झाला. गिलावा ओला आहे, ताई, ओल तुझ्या छातीला बरी नाही, वाळू दे. आणि ताईने ते मानलं. दुसरं कोणी असतं तर एवढ्या काळात चार वेळा विचारलं असतं. पण वाळायला वेळ लागतो, हे तिला कोण शिकवणार? फोनवर तीच त्याला सांगे, “घाई करू नकोस रे. ओल आत राहिली की पुढे त्रास देते.”

पहार थांबली. मिस्त्रीने ढिगारा बाहेर ओढला, पाणी मारलं. भावजयीने चादर काढली आणि ताईला हाताला धरून पुढच्या खोलीत आणलं, नळी मागे ओढत. जुनं दार निघून त्या जागी मोठं भगदाड पडलं होतं आणि त्यातून सगळं जंगल एकदम घरात आलं होतं. ती पहिल्या स्टुलावर बसली.

अंगणात गुण्या आणि मिस्त्री गोणपाटात गुंडाळलेली चौकट सोडत होते. दाट, काळपट पॉलिश होतं तिला. इतकं दाट की आतल्या लाकडाच्या रेषांची चाल दिसू नये.

“कुठून आणलीस?” ताईने विचारलं.

“गोडाऊनमध्ये पडून होती,” गुण्या सुतळी सोडत म्हणाला. “म्हटलं, वाया का घालवायची.”

“चांगली आहे.”

“आहे ना?” त्याने वर पाहिलं. लहानपणी पहिला पाट करून दाखवताना पाहिलं होतं तसंच.

दोघांनी चौकट उभी केली. दोन बाजू आणि वरची पट्टी. खाली काही नाही. नेताना डुगडुगू नये म्हणून पायांशी एक कच्ची पट्टी तात्पुरती ठोकलेली. ताई नळी ओढत भगदाडाबाहेर, अंगणातल्या दुसऱ्या स्टुलावर गेली आणि श्वास जमेपर्यंत थांबली. मग हात लांब करून तिने उजव्या बाजूच्या खांबावर बोटं फिरवली. कंबरेच्या उंचीवर पॉलिशखाली गाठ लागली, त्या गाठीला वळसा घालून गेलेली रेष लागली. ही फळी तिने किती वेळा पालटली असेल. गाठीपाशी तडकेल म्हणून तिने तिला थराच्या मधोमध ठेवलं होतं, घरातल्या नाजूक पोराला मध्ये झोपवतात तसं.

बोटं आणखी वर गेली. बिजागरीची खाच. भुसा आणि सरस कालवून भरलेली, घासून सपाट केलेली. खाली दुसरी, तशीच. काम सुबक होतं. डोळ्यांना कळलं नसतं.

म्हणजे ही नुसती पडून नव्हती. हिच्यात दार बसलं होतं. खोली पुरी झाली होती. वाळली होती.

“निघताना फार सतावलं हिने,” मिस्त्री कौतुकाने म्हणाला. “पाचरी अशा बसवल्या होत्या मालकांनी, की...” आणि मालकांचं तोंड पाहून त्याला एकदम आठवलं की ओळंबा टेम्पोत राहिलाय. तो गेला. ओळंबा त्याच्या खांद्यावर लोंबत होता.

अंगणात तिघंच उरली. यंत्र आत घुरघुरत होतं.

“गुण्या, गिलावा वाळला का रे?”

त्याने खिशातून रुमाल काढला, घडी मोडली, पुन्हा घातली. “तसा... वरून वाळलाय. खाली जरा दमट लागतं अजून.”

“या चौकटीच्या जागी काय बसवलंस?”

“शटर,” तो फार हळू म्हणाला. “प्लायचे नमुने ठेवायला जागा पुरत नव्हती गं. तात्पुरतं.”

ताईने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर राग येण्याइतका श्वास तिच्याकडे नव्हता. तो तिने जमवला, आणि मग तिची नजर गुण्यावर नाही, भावजयीवर गेली. अशा वेळी नजर कुठे जाते, याचीही घराघरांत रीत ठरलेली असते.

“खोकल्याने तुझी झोप मोडेल म्हणून ना? सरळ सांगायचंस. एवढी नाटकं कशाला? पाखरं बघा म्हणे! मी काय इथे सहलीला आले आहे?” पुढचं वाक्य खोकल्यात गेलं. तो थांबेपर्यंत कोणी हललं नाही. “परक्याच्या पोरीला... मी दोष देत नाही. पण माझ्या भावाला खोटं बोलायला लावलंस, ते... ते वाईट केलंस.”

भावजयीने कप उचलला. रिकामाच होता, तरी तो दोन्ही हातांत धरून ती उभी राहिली. नवऱ्याकडे तिने पाहिलं नाही. हे ऐकून घ्यायला लागणार हे तिला घरून निघतानाच ठाऊक असावं, अशी ती उभी होती. डोळे भरले होते, पण ती म्हणाली एवढंच, “पाणी आणू का, वन्सं?”

“नको.”

“घोटभर घ्या. खोकला लागलाय.”

“नको म्हटलं ना.”

ती आत गेली. आत पाणी ओतल्याचा आवाज आला.

गुण्या चौकटीला धरून उभा होता. सोडली असती तर ती पडली असती, हे खरं. पण भिंतीला टेकवताही आली असती. त्याने आत पाहिलं, जिथे त्याची बायको गेली होती तिथे. मग बहिणीकडे पाहिलं.

“चल, बसवून टाकू,” तो म्हणाला. “उजेड आहे तोवर.”

“बसव.”

त्याने चौकट उचलली. भगदाडापर्यंत नेली. खांद्यावरच तोलत तिथे थांबला, पाठ तिच्याकडे करून.

“तिने पलंग घातला होता,” तो भिंतीशी बोलल्यासारखा म्हणाला. “खिडकीला पडदे लावले होते. तुझ्या उशाशी घंटीसुद्धा आणून ठेवली होती. शटर बसवलं त्या दिवसापासून माझ्याशी धड बोलत नाहीये ती.”

ताईने नाकातली नळी नीट बसवली.

“बाबा शेवटी कसे श्वास घ्यायचे, आठवतं? तू आत त्यांच्यापाशी असायचीस. मी इथे शेडमध्ये येऊन रंधा मारत बसायचो. फळी संपली तरी मारायचो. ऐकू येऊ नये म्हणून.”

“ठाऊक आहे मला.”

“तिला काही बोलू नकोस, ताई.” त्याने चौकट खाली ठेवली आणि वळला. “तिचं काही नाही यात. मलाच तू घरात नको होतीस.”