मैत्रिणीला विचारतात

जळगावला इंग्रजीत एम.ए. करताना ग्रीक आणि रोमन जगाचा पेपर आम्ही दोघींनीच घेतला, मी आणि रूपल. बाकीच्यांना त्या जुन्या देवांशी काही घेणंदेणं नव्हतं. मला तरी कुठं होतं? रूपलनं घेतला म्हणून मी घेतला.

त्या दिवशी ग्रंथालयात ती वाचून दाखवत होती. ग्रीक लोक बळी देण्याआधी जनावराच्या डोक्यावर पाणी शिंपडत. त्यानं मान हलवली की त्याला कबूल आहे असं धरत.

मी हसले. धुळ्याकडं आमच्या गावात बोकडाचं हेच करतात. पाणी पडून त्यानं अंग झाडलं की माझी आजी ताईबाई म्हणते, "राजी शे. चाला."

रूपल जैन, तिनं असलं काही कधी पाहिलेलं नव्हतं. तिनं लगेच वहीत उतरवून घेतलं. मग वही मिटून म्हणाली, "रविवारी भुसावळचे येताहेत, मला बघायला."

माझं डोकंच सणकलं. परीक्षेनंतर तिला पुण्याला ग्रीक शिकायला जायचं होतं, प्रवेशही मिळाला होता. "तोंडावर नाही म्हणून सांग," मी म्हणाले.

"आमच्या घरात मुलगी पाहुण्यांपुढं बोलत नाही. मैत्रिणीला विचारतात. पप्पांनी मला शब्द दिलाय, मैत्रीण नाही म्हणाली तर तिथंच थांबवतील. हेमांगी, तू एवढंच म्हण, तिला शिकायचंय."

एवढंच ना? वर्गात सरांना गप्प करणारी मी. मला भीती कसली?

रविवारी दिवाणखान्यात वीसेक माणसं होती. रूपल आतल्या दाराशी, डोक्यावर ओढणी घेऊन उभी. मुलाच्या आईनं मला शेजारी बसवून पाठीवरून हात फिरवला. मला ती बाई आवडली, हे अजून खुपतं. रूपलची आजी सायरबाई पेढ्यांचं ताट घेऊन माझ्यासमोर आल्या. नारळ, ओटीचं सामान, सगळं आधीच मांडून ठेवलेलं होतं.

"बोल बेटा," सायरबाई म्हणाल्या, "मैत्रीण राजी आहे ना?"

सगळे हसतमुखानं माझ्याकडं बघत होते. रूपलचे वडील भिकमचंदकाका मात्र हसत नव्हते. ते थांबले होते, खरंच थांबले होते. एवढ्या माणसांचा विरस करायचा तर जरा गोड शब्दांत करावा, म्हणून मी शब्द शोधत राहिले. मग बोलायला तोंड उघडलं, तोच सायरबाईंनी पेढा आत घातला.

"झालं," कुणीतरी म्हणालं. काका अजून माझ्याकडंच बघत होते. दारातून रूपलही.

पेढा हातावर काढून बोलता आलं असतं. पण चारचौघांत ते बरं दिसलं नसतं. मी तो चावला, गिळला आणि हसले.