बुधरीच्या अंगावर घातलेलं कापड

मी स्वेटर बोलतोय. लोकरीचा, हातानं विणलेला, आणि तुमच्यापैकी एकाही माणसावर खूश नसलेला. पेटी उघडलीच आहे तर ऐका. हात लावायचा असेल तर लावा, पण मी टोचतो. माझी लोकरच तशी आहे आणि स्वभाव लोकरीवर गेलाय.

माझा जन्म आइसलंडचा. नकाशात अगदी वर, जिथे तुमची नजर कधी जात नाही, तिथे हा देश आहे. डिसेंबरात तिथला सूर्य कामचुकार गड्यासारखा येतो, हजेरी लावतो आणि निघून जातो. थोराबाई नावाच्या म्हातारीनं मला विणलं. एका काळ्या मेंढीची लोकर, एका पांढरीची आणि थोडी करड्या कोकराची. रंगाचा एक थेंब नाही. गळ्याभोवती गोल नक्षी आहे ती म्हातारीच्या हातची. ती विणत असताना तिचे डोळे अधू झाले होते, पण टाका एक चुकला नाही.

तिला घाई होती. त्या देशात एक गोष्ट सांगतात. नाताळात घराएवढी काळी मांजर गावोगाव फिरते आणि ज्याच्या अंगावर नवं वस्त्र नाही त्याला खाऊन टाकते. म्हणून सणाला प्रत्येकाला काहीतरी नवं मिळालंच पाहिजे, निदान मोजे तरी. तुम्हाला ही गोष्ट गोड वाटली ना? मला नाही वाटत. सणाआधी लोकरीचं काम उरकावं म्हणून मालकांनी गड्यांना घातलेली ही भीती, असं थोराबाई स्वतःच म्हणायची. काम केलंस तर कपडा, नाही केलंस तर मांजर. मालक सगळीकडे सारखेच.

तरी तिनं मला विणलं, कारण तिची एकुलती एक लेक, हेल्गा, नर्स होऊन गडचिरोलीच्या जंगलात गेली होती. कोसमटोला नावाच्या गावाबाहेर मिशनचा छोटा दवाखाना होता, तिथे. विणता विणता म्हातारी मला म्हणायची, "तिच्या अंगावर राहा रे. मी काही आता तिथवर पोचत नाही." मी कबूल केलं होतं. माझी ती कबुली कुणी पाळू दिली नाही, हा माझा पहिला राग.

नाताळासाठी निघालेलं माझं पार्सल पोचलं एप्रिलात. वाटेत कुणीतरी सरकारी हातांनी मला उसकटून पाहिलं आणि कोंबून परत भरलं. बाहेर आलो तर काय, समोर गडचिरोलीचा उन्हाळा! कौलं तापलेली, कुत्री रांजणाखालच्या ओलीत पडलेली. हेल्गानं मला नाकाशी धरलं, खूप वेळ वास घेतला, रडली, हसली, आणि डांबरगोळ्या घालून पत्र्याच्या पेटीत टाकलं. आता नाताळालाच अंगावर घालायचं, असा तिचा नेम. मेंढीच्या अंगावर मी वादळं झेलली आहेत. पण डांबरगोळीच्या वासात एक उन्हाळा आणि एक पावसाळा म्हणजे काय, ते माझं मला माहीत.

मग १९८४चा डिसेंबर आला. हेल्गाला सणाचं वेड चढलं. तिच्या देशात तेरा खोडकर भाऊ डोंगरातून एकेक करून खाली उतरतात. कुणी चमचे चाटतो, कुणी दारं आपटतो. पोरं खिडकीत जोडा ठेवतात आणि ते भाऊ त्यात खाऊ टाकतात. तिनं कोसमटोल्याच्या पोरांनाही सांगितलं, "खिडकीत जोडा ठेवा." पोरं एकमेकांकडे बघत राहिली. त्यांच्या घराला खिडकी नाही आणि पायात जोडा नाही. ठेवणार काय, पाय? हेल्गा मनानं वाईट नव्हती. पण चांगल्या माणसांनी विचार न करता केलेल्या गोष्टींचा मला भारी तिटकारा आहे.

चोवीस तारखेच्या दिवेलागणीला तिनं दवाखान्यातल्या माणसांना ओसरीवर बोलावलं. तिच्या घरी सण दिवेलागणीलाच सुरू होतो. चामोर्शीच्या बाजारातून आणलेले नवे कपडे तिनं वाटले. चौकीदार पत्रूला धोतर, मनकर्णाला साडी. मनकर्णा मूल गावची, बौद्ध घरातली, दवाखान्याची अर्धी नर्स आणि पूर्ण जीभ. साडी घेताना तिनं आधीच बजावलं, "बाई, साडी घेऊन राह्यली म्हणून प्रार्थनेले बसन असं समजू नका. माही वंदना मी घरून करून येतो."

"नाही, नाही," हेल्गा हसली. मग तिनं मांजरीची गोष्ट सांगितली, हातवारे करत, डोळे मोठे करत. शेवटी टाळी वाजवून म्हणाली, "आता तुमाले मांजर खात नाई!"

सगळे हसले. दारात बुधरी उभी होती. डोक्यावर पाण्याचा गुंड, अंगावर ठिगळाचं लुगडं. ती कोसमटोल्याचीच, दवाखान्याला पाणी भरायची, पण दवाखान्याच्या माणसांत तिची गणती नव्हती. ती हसली नाही. तिनं सरळ विचारलं, "आन मले? मले खाते?"

हेल्गा कानापर्यंत लाल झाली. धावत आत गेली, पेटी उघडली आणि मला ओढून काढलं. म्हणजे मला दिलं ते प्रेमानं नाही, लाज झाकायला दिलं. म्हातारीनं डोळे खर्ची घातले ते यासाठी!

मनकर्णानं तिचा हात धरला. "थांबा बाई. यायच्यात असं कोनाच्या अंगावर नवं कापड घालत नाई. घातलं तं नातं होते."

"मग चांगलं आहे ना," हेल्गा म्हणाली. "नातं चांगलं."

बुधरीनं गुंड खाली ठेवला. "इचार करून घालून राह्यली ना, बाई?"

"हो, हो," म्हणत हेल्गानं मला तिच्या अंगावर चढवलं.

त्या गावाची रीत मी नंतर ऐकली, ती तुम्हीही ऐकून ठेवा. नवं कापड तिथे दुसऱ्याच्या अंगावर दोनदाच घालतात. एकदा जिवंत माणसावर, नातं जोडताना. आणि त्या नात्यातलं कुणी गेलं की त्याच्या मढ्यावर. पहिलं घातलं की दुसरं चुकवता येत नाही.

बुधरीनं गावभर सांगितलं, "दवाखान्यातली बाई माही बहीण झाली." दुसऱ्या दिवशी तिनं हेल्गाला घरी जेवायला बसवलं, कोंबडी कापली. हेल्गा पोटभर जेवली, फोटो काढला आणि थँक्यू म्हणून निघाली. तिच्या हिशेबी भेटीची परतफेड झाली होती. बुधरीच्या हिशेबी तर आता कुठे सुरुवात होती.

पण कबूल करतो, त्या घरी मी पहिल्यांदा कामाला आलो. डिसेंबरातली जंगलातली थंडी खोटी नसते. बुधरी नवऱ्याला, झिंगूला, म्हणाली, "टोचते लेकाचं, पन धरून ठेवते." झिंगू बांबू तोडायला जायचा. पहाटेच्या गारठ्यात ती मला त्याच्याच अंगावर चढवायची. त्याच्या घामाचा आणि चुलीच्या धुराचा वास मला लागला. डांबरगोळीपेक्षा तो शंभर पटीनं बरा.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बांबूच्या रानात सोबतच्या लोकांनी त्याची टर उडवली. "झिंगू, बाईचा झगा घालून आला का बे?" झिंगू ओशाळला. मला काढून त्यानं एका झाडाच्या फांदीवर टांगलं आणि बांबूच्या बेटाशी बसून कोयता चालवायला लागला.

वाघ मागून आला. एक आवाज झाला, मग माणसांचा ओरडा, मग काहीच नाही. मी फांदीवर लटकत सगळं पाहत होतो.

आता कुणी म्हणेल, स्वेटर अंगावर असता तर वाचला असता. त्याचं तोंड मला दाखवू नका. वाघ कापड बघत नाही. खाली वाकलेलं माणूस बघतो. आणि पोटासाठी खाली कोण वाकतं, हे तुम्हाला माहीत आहे.

झिंगूला घरी आणलं. सोयरे एकेक करून आले आणि प्रत्येकानं त्याच्यावर नवं कापड घातलं. बुधरी मला मांडीवर घेऊन बसली होती. उन्हं कलली. म्हातारे म्हणाले, "उचला आता."

"थांबा," बुधरी म्हणाली. "माही बहीण येऊन राह्यली."

लोक थांबले. रस्त्याकडे बघत राहिले. शेवटी पत्रू आला, एकटा. डोक्यावर तांदळाची थैली, हातात डाळ. "बाईनं पाठवलं," तो म्हणाला. त्याला वर बघवेना.

बुधरी रडायची थांबली. "उचला," ती म्हणाली.

झिंगूचे दिवस झाल्यावर ती मला घेऊन दवाखान्यात आली. आत गेली नाही. ओसरीच्या पायरीवरून मला हेल्गाच्या अंगावर फेकलं आणि मागोमाग तांदळाची थैली, गाठही न सोडलेली.

"तू माह्या अंगावर कापड घातलं. साऱ्या गावानं पाह्यलं. माहा मानूस गेला, तवा तुह्या हातचं कापड कुठी होतं? भीक पाठवली तू! म्या भीक मांगतली होती?"

"बुधरी, मला वाटलं..."

"तुही मांजर म्हणे नवं कापड नसलं का खाते. मंग मले नाई खाल्लं, त्याले खाल्लं. त्याले नोतं ना कापड! गरिबालेच खाते का तुह्या देवाची मांजर? आमचा वाघ तरी असा पाहून खात नाई."

ती गेली. हेल्गा मला धरून उभी राहिली. मग मनकर्णानं तोंड सोडलं. "म्या सांगतलं होतं, बाई. काऊन नाई गेल्या?"

"आमच्याकडे दुःखाच्या घरी परक्यानं जाऊ नये. त्यांना एकटं सोडावं. मी तर परकी."

"कापड घातल्यावर परकी राह्यली कुठी?"

हेल्गानं माझी घडी घातली. मी पुन्हा पेटीत आलो. बुधरीनं पाणी भरणं सोडलं. बाजारात समोर आली तर तोंड फिरवायची. त्या गावच्या बायका बाळंतपणाला दवाखान्यात येईनाशा झाल्या. हेल्गा दोनदा तिच्या दारापर्यंत गेली आणि दोनदा बंद दार बघून परतली. मला तिची कीव आली नाही. वेळेवर न गेलेले पाय नंतर कितीही चालले तरी काय उपयोग?

पुढच्या वर्षीच्या वैशाखात तार आली. थोराबाई गेली.

मला हे पेटीत कळलं, मनकर्णाच्या आवाजावरून. ज्या हातांनी मला घडवलं ते हात थंड झाले आणि मी इथे लोकर खाणाऱ्या कसरींना तोंड देत पडलो होतो. दवाखान्यातल्या लोकांनी हळहळ केली, कुणी चहा करून दिला, आणि जो तो आपल्या कामाला लागला.

पत्रूकरवी बातमी गावात गेली असावी. तिसऱ्या प्रहरी, जेव्हा पाखरूसुद्धा बाहेर पडत नाही, ओसरीवर पावलं वाजली. हेल्गानं दार उघडलं. बुधरी होती. घामानं निथळत, हातात कोरं पांढरं कापड, एका कोपऱ्याला हळद लावलेली.

"मढं कुठी हाय?" तिनं विचारलं.

"समुद्रापार. फार लांब."

"मंग तूच ने. तिच्या अंगावर घालजो. म्हणजो, बुधरीनं घातलं."

हेल्गानं ते दोन्ही हातांनी घेतलं. "ये, बस. पाणी तरी घे."

"तुह्या घरचं पानी नाई पेत मी."

"अजून राग आहे ना? मग का आलीस?"

"राग हाय. मरेपावतर राहीन," बुधरी म्हणाली. "पन तू कापड घातलं होतं. म्हणून आली."

ती पायऱ्या उतरली. वर वैशाखाचं ऊन, खाली तापलेली वाट. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

मग हेल्गानं पेटी उघडली आणि मला अंगात घातलं. ज्या अंगासाठी मी विणलो गेलो त्या अंगावर मी पहिल्यांदा चढलो, तेही गडचिरोलीच्या मे महिन्यात. ती घामानं भिजली, मी तिला गळ्याशी, मनगटाशी, पाठीला टोचत होतो. मनकर्णा ओरडली, "बाई, काढा ते, घेरी येईन!" तिनं काढलं नाही. मला बिलगून ती हमसाहमशी रडली. आणि मी टोचत राहिलो. सांत्वन करणं मला कधी जमलं नाही, आणि त्या दिवशी तर करायचंही नव्हतं.

पंधरवड्यात ती कायमची आपल्या देशी परतली. पांढरं कापड तिनं पिशवीत सगळ्यात वर ठेवलं. मला पेटीत ठेवून गेली. बरंच झालं. तिनं जे न्यायला हवं होतं ते नेलं.

आता माझी एक बाही कसरीनं खाल्ली आहे. गळ्याची नक्षी अजून शाबूत आहे, म्हातारीचं काम पक्कं. तुम्ही दवाखान्यातली नवी माणसं. सण जवळ आला, म्हणून वाटायला जुनेनवे कपडे शोधताय. तुमच्या तोंडावर ते हसू आहे, देणाऱ्याचं. मला ओळखीचं आहे.

मला कुणाच्या अंगावर घालणार असाल, तर आधी दार उघडून बाहेर बघा. कुणाचं घर आहे, वाट किती लांब आहे, मधे जंगल किती आहे. त्या घरात उद्या कुणी गेलं तर भर उन्हात चालत जाल का, नवं कापड हातात घेऊन, राग असला तरी?

जाणार असाल तर द्या मला. मी फाटका आहे, पण अजून धरून ठेवतो. नसाल जाणार, तर झाकण लावा. उरलेल्या बाहीला कसर आहेच.