सातवा रकाना

"अहो, आईवरून होती की बहिणीवरून?" बायकोने पेन उघडत विचारलं.

"दोघींवरून," अंपायर भिंतीकडे बघत पुटपुटला.

एरवी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या आणि रविवारी अंपायर होणाऱ्या या गृहस्थाच्या तोंडून उभ्या जन्मात शिवी गेली नव्हती. काल मात्र शिवीगाळ करणाऱ्या एका प्रशिक्षकाला त्याने भर सामन्यात मैदानाबाहेर काढलं होतं. आता अहवालाचा सातवा रकाना भरायचा होता: 'उच्चारलेले नेमके शब्द'. तीन वर्षांपूर्वी एका खेळाडूच्या वेळी लाजेकाजेस्तव त्याने 'अपशब्द' एवढंच लिहिलं होतं. पुरावा मोघम ठरला. खेळाडू सुटला, अंपायर वर्षभर घरी बसला. पुन्हा तसंच झालं, तर पांढरी टोपी कायमची खुंटीला.

बायकोने सगळं वळणदार अक्षरात लिहून काढलं. "छान झालंय," ती म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

बुधवारी संघटनेच्या कचेरीत सुनावणी झाली. प्रशिक्षक कडक इस्त्रीत आला होता. "मी एवढंच म्हटलं, काका, जरा नीट बघा. वय झालंय त्यांचं. ऐकायला कमी येतं."

नव्या सचिवबाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी चष्मा लावला आणि हजेरी घ्यावी तशा आवाजात सातवा रकाना वाचायला घेतला. तिसऱ्या ओळीला शिपाई पाण्याचे पेले तसेच घेऊन परत गेला.

"मॅडम, पुरे ना! बाहेर माझी बायको बसलीय," प्रशिक्षक कळवळला.

"मैदानावर दोनशे माणसं होती. अजून अर्धं पान आहे. की हे शब्द तुमचे नाहीत?"

"माझेच आहेत हो! थांबा आता."

"चार सामने बंदी. काकांचे कान ठणठणीत आहेत." बाई अंपायरकडे वळल्या. "यापुढे कुणाला बाहेर काढलंत की लगेच मला फोन करायचा. घरी एकटं कुढत बसायचं नाही."

अंपायरने मान हलवली.

रविवारी सीमारेषेपाशी घडीची खुर्ची टाकून बाई बसल्या होत्या. मांडीवर कोरा अहवाल. दुसऱ्याच चेंडूवर अंपायरने पायचीतचं अपील फेटाळलं. गोलंदाजाने तोंड उघडलं, खुर्चीकडे पाहिलं आणि जांभई दिली.

अंपायरने चेंडू मोजायचा एक खडा डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकला. षटकाचे अजून चार बाकी होते.