ओढ्यात सापडलेला बुटका

“नाकाला रुमाल तरी बांधा, मामा,” गावप्रमुख अस्रिल चार हात लांबूनच म्हणाला.

मार्जुनीने लक्ष दिले नाही. ओढ्याच्या चिखलात गुडघे टेकून तो खाली वाकला. जंगलखात्याच्या रखवालदारीत त्याचा उभा जन्म गेलेला. कुजल्या मांसाच्या वासाचे त्याला काय! मागे दालचिनीच्या झाडांखाली सारे गाव गोळा झाले होते आणि त्याच्या पाठीकडे डोळे लावून उभे होते.

पुराने वरच्या रानातून वाहून आणलेले ते धूड दगडांत उताणे अडकले होते. डोके नव्हतेच. केस झडून गेलेले, कातडी फुगून पांढरीफटक पडलेली. रुंद छाती, लांब हात आणि पाय असे, की बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. तळवा, टाच, पाच बोटे. नखे कुठे दिसत नव्हती.

“माणूसच कुणी नाही ना?” गर्दीतून एक बाई म्हणाली.

“माणसाचे हात एवढे लांब असतात होय? बुटकाच आहे तो!”

बुटका म्हणजे ओरांग पेंडेक. सुमात्रातल्या केरिन्चीच्या रानात दोन पायांवर चालणारा, माणसाला पाहताच नाहीसा होणारा. गावात प्रत्येकाने ऐकलेला आणि एकट्या मार्जुनीने डोळ्यांनी पाहिलेला. निदान गाव तरी तसे समजत होते.

अस्रिल नाक दाबून जवळ आला. “उद्या शहरातनं पेपरवाले येतायत. तुम्ही नुसतं हो म्हणा, मामा. एवढं नाव आहे तुमचं, कोण नाही म्हणणार? पाहुण्यांची रीघ लागेल बघा आपल्याकडं.”

मार्जुनीने उजवा पाय हातात घेतला. कातडी हातमोज्यासारखी सरकली. बोटांची टोके त्याने चाचपून पाहिली. प्रत्येक बोटाला नखाचे टरफल गळून पडल्याची खाच होती. मग त्याने बोटे मोजली. सर्वांत जाड बोट बाहेरच्या अंगाला होते. माणसाच्या उजव्या पायाचा अंगठा डाव्या पायाकडे असतो. हा उलट बाजूला होता. त्याने डावा पाय पाहिला. तिथेही तेच.

अस्वल. रानात रोज मध शोधत हिंडणारे साधे अस्वल.

ही खूण त्याला सफ्रीने शिकवली होती.

एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तो आणि सफ्री, दोघे तरुण रखवालदार, कड्यावरच्या बांबूत गस्त घालत होते. पुढे काहीतरी खसफसले, एक काळी पाठ दिसली आणि गडप झाली. मार्जुनी जागच्या जागी थिजला. सफ्री मात्र सरळ पुढे गेला, चिखलातल्या ठशाशी बसला आणि बोट लावून म्हणाला, “अंगठा बघ, बाहेरच्या बाजूला. अस्वल आहे. मागचा पाय पुढच्याच्या ठशावर पडला की ठसा असा लांबट उठतो, माणसासारखा.”

तेव्हा गावात एक परदेशी बाई कॅमेरा घेऊन उतरली होती. कॉफी पिता पिता मार्जुनीने तिला सांगितले, “दोन पायांवर उभा होता. वळून बघितलं त्यानं माझ्याकडं.” सांगितले ते थट्टेतच. पण बाई भराभर वहीत लिहू लागली आणि थट्टा आहे हे सांगायचे राहून गेले. पुढे पेपरात त्याचा फोटो आला. लांबलांबचे लोक त्याला वाटाड्या म्हणून मागू लागले. त्या प्राण्याचा चेहरा त्याने इतक्यांदा सांगितला, की तो त्याच्या स्वप्नातही येऊ लागला.

सफ्री मात्र विचारील त्याला एकच सांगे, “अस्वल होतं.” तेव्हा मार्जुनी एकदा चारचौघांत बोलून गेला, “त्याला काय दिसणार? तो तर केव्हाच पळत सुटला होता!”

एवढेच. पण गावाने ते उचलले. तेव्हापासून सफ्रीचा पळपुटा सफ्री झाला. लग्नाच्या पंगतीत, मशिदीच्या पायऱ्यांवर लोक हसत विचारत, “काय रे सफ्री, आज चपला घट्ट बांधल्यास ना?” दोन वर्षांत त्याने नोकरी सोडली आणि दालचिनीच्या बागेत स्वतःला गाडून घेतले.

“मामा?” अस्रिलने हाक मारली.

“अस्वल आहे,” मार्जुनी म्हणाला.

“हळू बोला की जरा! असलं अस्वल तरी कुणाला कळतंय?”

“अस्वल आहे!” तो उठून उभा राहिला आणि गर्दीकडे वळून मोठ्याने म्हणाला. लोकांत कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात रोस्माइनी पुढे आली. सफ्रीची बायको. एकतीस वर्षांत ती मार्जुनीशी एक शब्द बोलली नव्हती.

“मग तेव्हा तुम्ही काय बघितलं होतंत?” तिने विचारले.

“पाठ. काळी पाठ, बस्स.”

“आणि आमचे हे?”

मार्जुनीने गर्दीकडे पाहिले. सारे गाव बघत होते. “पळाला नव्हता तो. मी उभा राहिलो घाबरून. तो पुढं गेला.”

कुणीतरी फिसकन हसले. रोस्माइनी हसली नाही. “मला काय सांगताय? घरी चला. त्यांना सांगा.”

ती वाटेला लागली. एकदाही मागे न बघता चालत राहिली. मार्जुनी ओढ्यात हात खळखळून धुऊन तिच्यामागून निघाला. वास काही जाईना.

सफ्री अंगणात बसून दालचिनीच्या सालीवरचा खरखरीत पापुद्रा सुरीने खरवडत होता. मार्जुनी कुंपणाच्या आत दोन पावलांवर थांबला.

“कसला वास येतोय?” सफ्रीने मान वर न करता विचारले.

“अस्वलाचा. ओढ्याला वाहून आलंय. लोक म्हणत होते बुटका. मी अंगठा बघितला.”

सुरी थांबली.

“सांगितलं मी सगळ्यांना,” मार्जुनी म्हणाला. “तू पळाला नव्हतास, हे पण सांगितलं. माझं चुकलं, सफ्री. घोर चुकलं.”

सफ्रीने हातातली साल उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

“नक्की?” अखेर त्याने विचारले.

“काय नक्की?”

“मी पळालो नव्हतो, हे.” त्याने आता वर पाहिले. डोळ्यांत राग नव्हता. असता तर मार्जुनीला सोपे गेले असते. “पहिली दहा-बारा वर्षं मला पक्कं आठवायचं. ठशाशी बसलो होतो, चिखल गार होता. मग सगळेच म्हणायला लागले. पोरगा मोठा झाला, तोही एकदा म्हणाला. पुढंपुढं मला वाटायला लागलं, पळालोही असेन. माणसाला आपली भीती कुठं आठवते?”

मार्जुनी एक पाऊल पुढे आला. “नाही रे. बसला होतास. बोट लावून दाखवलंस मला.”

“कुठल्या हाताचं?”

“उजव्या.”

सफ्रीने आपला उजवा हात समोर धरला आणि अनोळखी वस्तू निरखावी तसा निरखत राहिला.

रोस्माइनी घरातून कॉफीच्या पानांचा काढा घेऊन आली. एकच पेला. तो तिने नवऱ्यासमोर ठेवला आणि आत निघून गेली. त्या घरातून पाहुणा कोरड्या तोंडाने कधी परतला नव्हता. सफ्रीने घोट घोट करत पेला संपवला. मार्जुनी उभाच राहिला.

डोंगरावर ढग उतरू लागले. सफ्रीने आभाळाकडे पाहिले. “साल भिजणार,” तो स्वतःशीच पुटपुटला आणि गुडघ्यावर हात टेकून उठू लागला.

मार्जुनी वाकला आणि चटईवर वाळत घातलेली साल गोळा करू लागला. सफ्रीने दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली. सफ्री नको म्हणाला नाही. ये, बस असेही नाही.