चोचीत अडकलेल्या कण्या

मित्रांनो, मी एक जुने पितळी बोंडले आहे. बोंडले म्हणजे काय, हे तुमच्यापैकी पुष्कळांना आता सांगावेच लागेल. मुठीत मावेल एवढे गोल भांडे आणि त्याला एका बाजूने चिमणीसारखी पुढे आलेली चोच, असा माझा आकार. आईचे दूध पुरले नाही की तान्ह्या बाळाला माझ्या चोचीने गाईचे दूध पाजत. आज मी रिठदच्या एका घरात, चुलीमागच्या कोनाड्यात असते. माझी आतली कल्हई कधीच उडाली आहे. कुणी मला उचलत नाही आणि उचलावे अशी माझी फारशी इच्छाही नाही. असे का, ते पुढे कळेल.

माझा जन्म मंगरूळपीरचा. तिथल्या एका म्हाताऱ्या तांबटाने मला ठोकून ठोकून गोल केले आणि सगळ्यांत शेवटी चोच जोडली. ती जोडल्यावर तो बराच वेळ चोचीचे टोक घासत बसला. घासायचा आणि स्वतःच्या ओठाला लावून पाहायचा. कुठेही धार टोचेनाशी झाली तेव्हा त्याने मला दुकानाच्या फळीवर मांडले. बाळाच्या तोंडात जायची वस्तू आहे, एवढेच तो शेजाऱ्याला म्हणाला.

त्या आठवड्याच्या बाजाराला रिठदचे दौलतराव बैलगाडी घेऊन आले होते. तेव्हा ते ऐन तारुण्यात होते. आले होते बैलांच्या गळ्यात बांधायला घुंगरे घ्यायला. पण घरी त्यांची बायको मनकर्णाबाई बाळंतपणानंतर तापाने पडली होती, दूध आटले होते आणि पहिला मुलगा रडून रडून निळा पडत होता. दौलतरावांनी मला फळीवर पाहिले, फेट्याच्या घडीत खोचले आणि गाडी तशीच माघारी वळवली. घुंगरे राहून गेली ती राहूनच गेली.

तो मुलगा म्हणजे इंद्रभान. तो माझ्यावर वाढला. मग गावात कुणाचे मूल दुधावाचून अडले की मला मागणे येऊ लागले. तांड्यावरच्या नानीबाईच्या जुळ्यांसाठीही मी गेले होते. तिने मला परत केले तेव्हा राखेने लख्ख घासून, आत गुळाचा खडा ठेवून. भांडे रिकामे परत द्यायचे नाही, हा रिवाज तेव्हा सगळेच पाळत. ‘दौलतरावाच्या घरचं बोंडलं लागलं की लेकरू तगते,’ असे बायका बोलत. मला ते ऐकून फार बरे वाटे. खरे तर मी काहीच करत नसे. कुणी मला तिरपे केले की माझ्यातून दूध ओघळे, एवढेच.

पुढे इंद्रभानचे लग्न झाले आणि सोजरबाई सून म्हणून घरात आली. तिच्या मुलांना माझी गरज पडली नाही. मी कोनाड्यात गेले आणि बरीच वर्षे विसरले गेले.

कोनाड्यातून मला चूल दिसे आणि जेवणारी माणसे दिसत. दौलतरावांसारखा जेवणारा मी पाहिला नाही. ज्वारीची गरम भाकर, त्यावर ठेचा, ठेच्यावर जवसाच्या तेलाची धार आणि बुक्कीने फोडलेला कांदा. ते कांदा खात तो आवाज अंगणात ऐकू येई. वांग्याची भाजी तोंडात घातली की वांगी कोणत्या मळ्यातली, हे ते सांगत आणि बहुधा बरोबर सांगत. मीठ कमी असले तर सुनेला थेट बोलता येत नसे, म्हणून ते भिंतीकडे पाहून म्हणत, “आज मीठ महाग झालं वाट्टे.” पदराआड सोजरबाई हसे.

आता तो पदर मला तुम्हांला नीट समजावून सांगितला पाहिजे. त्या काळी आमच्या भागात सून सासऱ्यासमोर तोंड उघडे टाकत नसे. पदर कपाळावरून खाली, थेट हनुवटीपर्यंत. सासऱ्याचे तोंड तिने पाहायचे नाही आणि तिचे सासऱ्याने पाहायचे नाही. ताट वाढताना तिला फक्त ताट दिसे. सोजरबाई त्या घरात मुलांची आई झाली, पण दौलतरावांचा चेहरा तिने नीट असा कधी पाहिलाच नव्हता.

आणि एका हिवाळ्यात, खळ्यावर ज्वारीची मळणी चालू असताना, दौलतरावांना लकवा झाला. उजवे अंग लुळे पडले, तोंड वाकडे झाले, वाचा गेली. त्यांना बाजेवर आडवे करून माजघरात आणले. पाण्याचा पहिला घोट दिला तसा जोराचा ठसका लागला आणि पाणी नाकातून परत आले.

तेव्हा मनकर्णाबाईंना मी आठवले. त्यांना मोतीबिंदूने फारसे दिसत नव्हते. भिंत चाचपत त्या कोनाड्यापाशी आल्या, मला काढून सुनेच्या हातात दिले आणि म्हणाल्या, “ह्याच्यानंच पाज. पोरगं वाचलं होतं ह्याच्यावर, बापही वाचंन.”

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सर्वांत वाईट काळ तो. आजारी माणसाला पातळ द्यावे, असे घरीदारी सगळेच सांगत होते. म्हणून सोजरबाई ज्वारीच्या कण्यांची पेज करी, फडक्यातून गाळी आणि माझ्यात भरी. दौलतराव उताणे पडलेले असत. ती उशाशी उभी राही. पदर हनुवटीपर्यंत असल्याने तिला दिसे ती फक्त माझी चोच आणि चोचीखालचा ओठाचा एक कोपरा. त्यांनी घोट गिळला की नाही हे ती कानाने ठरवी. आवाज आला असे वाटले की मला आणखी तिरपे करी.

मी मात्र त्यांच्या तोंडाशी होते. पहिला घोट अजून घशाशीच अडलेला आहे, डोळे मोठे झाले आहेत, डावा हात अंथरूण आवळतो आहे, हे सारे मला दिसत होते. मी काय करणार? मला तिरपे केले की मी ओतते. पेज त्यांच्या छातीत जाई, खोकल्याची उबळ येई, चेहरा काळानिळा होई. मग घरातले म्हणत, पेज जड झाली असेल, अजून पातळ करा. दुसऱ्या दिवशी ती आणखी पातळ होई आणि ठसका आणखी मोठा लागे. नुसते कण्यांचे पाणी राहिले तेव्हा तर ते मला पाहूनच तोंड फिरवू लागले.

ज्यांच्या डोळ्यांवर पदर नव्हता त्या मनकर्णाबाईंना दिसत नव्हते आणि जिला दिसत होते तिच्या डोळ्यांवर पदर होता. इंद्रभान शेतावरून येई, बापाच्या उघड्या पडलेल्या बरगड्या पाही आणि न जेवताच ताटावरून उठून जाई. अंगात ताप राहू लागला. लोक भेटायला येऊ लागले, ते भेटणे कशासाठी आहे हे न बोलता सगळ्यांना कळत होते.

एके दिवशी दुपारी सोजरबाईने कण्या चुलीवर ठेवल्या आणि ती खळ्यावरच्या माणसांना भाकरी द्यायला गेली. तिथे तिला उशीर झाला. परत येऊन पाहते तो कण्या आटून गोळा झालेल्या. दुसऱ्या करायला वेळ नव्हता, माजघरातून सासऱ्यांचा कण्हण्याचा आवाज येत होता. तिने त्या तशाच घोटल्या, वर थोडे दूध टाकले आणि घाईत माझ्यात भरल्या.

तिने मला तिरपे केले. काहीच आले नाही. कण्या माझ्या चोचीत घट्ट अडकल्या होत्या. तिने मला हलवले, झटकले, तरी थेंब पडला नाही. दौलतराव भुकेने रागावले होते. त्यांनी डाव्या हाताने मला बाजूला लोटले, मी खाली पडले. ते बाजेची कड धरून बसते व्हायला धडपडू लागले आणि कलंडले.

सोजरबाईने त्यांना दोन्ही हातांनी धरले. धरताना तिचा पदर खांद्यावर गेला. तो सावरायला हात सोडावा तर म्हातारा खाली पडणार. तिने हात सोडला नाही. भिंतीला टेकून, पाठीशी गोधड्यांची वळकटी देऊन तिने त्यांना ताठ बसवले आणि मग तिने वर पाहिले. समोर सासऱ्याचा चेहरा होता. दौलतरावांनी शरमेने डोळे मिटून घेतले.

“आत्याबाई,” ती सासूला हळूच म्हणाली, “माह्या डोक्यावर पदर नाई.”

मनकर्णाबाई दारातच बसल्या होत्या. त्यांनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवले. मग म्हणाल्या, “मले तं काई दिसत नाई. तुले दिसते ना? मंग तू पाह्य.”

सोजरबाईने देवघरातली पळी आणली. देवाची पळी उष्टी होईल, हा विचारही त्या वेळी तिच्या मनात आला नसावा. माझ्या पोटातून तिने पळीच्या टोकावर जराशा कण्या घेतल्या आणि त्यांच्या जिभेवर ठेवल्या. मग ती थांबली. त्यांच्या गळ्याकडे पाहत राहिली. गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. ठसका लागला नाही. तरी तिने दुसरा घास लगेच दिला नाही. तोंड उघडून आत काही राहिले नाही ना, ते पाहिले. मग दिला. मी जमिनीवर आडवे पडल्या पडल्या ते पाहत होते. माझी चोच बंद होती आणि कण्या घट्ट होत्या, म्हणून तो घास उतरला. यात माझे कर्तृत्व काहीच नाही.

त्या दिवसापासून मला कोनाड्यात परत ठेवले. एखादे भांडे टाकून दिले जाण्याने सुखी होत असेल, असे तुम्हांला वाटणार नाही. मी झाले.

मग सोजरबाई रोज त्यांच्यासमोर पदर मागे सारून बसू लागली. पहिले काही दिवस ते डोळे मिटूनच खात. जेवून झाल्यावरही ती त्यांना बराच वेळ निजू देत नसे. आजूबाजूच्या बायका कुजबुजल्या की दौलतरावाच्या घरी सून सासऱ्याला तोंड दाखवते. मनकर्णाबाईंनी त्यांना दारातूनच विचारले, “काहून, तुमाले पाहाले या लागते का?” मग कुणी आले नाही.

नुसत्या कण्यांना दौलतराव कंटाळतील हे ती जाणून होती. ती मुगाचे वरण घट्ट आटवून तूप घालून घोटे. वांगे निखाऱ्यात भाजी, साल आणि बिया काढी, उरलेला गर पाट्यावर वाटून लोण्यासारखा करी. लाल भोपळा शिजवून गुळात परते. दही फडक्यात टांगून त्याचा घट्ट गोळा करी. पण हे सगळे ती कधी एकत्र कालवत नसे. ताटात वेगवेगळे वाढी आणि प्रत्येक घासाआधी सांगे, “मामाजी, हे भरीत हाय.” ठेचा त्यांना देता येत नव्हता. म्हणून तिने मिरची आणि लसूण जवसाच्या तेलात तळून काढून टाकले आणि त्या तेलाचा एक थेंब भरितावर सोडला. तो घास तोंडात गेला तेव्हा दौलतरावांनी डोळे उघडले. तो चव घेत राहिलेला चेहरा मी कोनाड्यातून पाहिला.

थंडी सरत आली होती. एकदा असेच जेवताना त्यांच्या वाकड्या तोंडातून काहीतरी आले. सोजरबाईने कान जवळ नेला. ते पुन्हा म्हणाले, “मीठ.”

मनकर्णाबाई पदर तोंडाशी धरून हसल्या. “वाचा आली नाई तं नाव ठेवाले लागला म्हतारा.” हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

हे सगळे ऐकून दौलतराव बरे झाले, असे तुम्हांला वाटेल. नाही झाले. उजवे अंग परत आले नाही. आणि साधे पाणी त्यांच्या घशाने कधीच घेतले नाही. तहान लागली की सोजरबाई साबुदाण्याची घट्ट पेज थंड करून पळीने देई. दौलतराव ती घेत, पण नजर कोपऱ्यातल्या रांजणाकडे असे. एवढा मोठा शेतकरी माणूस, स्वतःच्या मळ्यात विहीर, आणि ओंजळभर पाणी त्याला पिता येत नव्हते. त्यावर घरात कुणाकडेच उपाय नव्हता. त्या वेळी सोजरबाई रांजणापुढे जाऊन बसे, म्हणजे तो त्यांना दिसू नये.

दोन सुगी त्यांनी अशा काढल्या. मग छाती भरून आली, खाणे थांबले आणि शेवट जवळ आल्याचे सगळ्यांना कळले. अनसिंगहून त्यांचे चुलतभाऊ रामकिसन आले. घर पुरुषमाणसांनी भरले. सोजरबाई पदर ओढून मागे स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. रामकिसन म्हणाले की मुखात गंगा पडली पाहिजे, भरपूर पडली पाहिजे, आणि पाजायला काहीतरी आणा. कुणीतरी मला कोनाड्यातून काढले. माझ्यात गंगाजल काठोकाठ भरले. दोन सुगींनंतर, रामकिसनांच्या हातून, मी पुन्हा त्या ओठांजवळ गेले. दौलतरावांना शुद्ध होती. त्यांनी मला ओळखले, त्यांचा डावा हात अंथरूण आवळू लागला. मित्रांनो, मला ओरडता आले असते तर मी तेव्हा ओरडले असते.

स्वयंपाकघराच्या दारातून सोजरबाई पुढे आली. डोक्यावर पदर होता, तोंड मात्र उघडे होते.

“वतू नका, काका,” ती म्हणाली. “मामाजी जिते हायेत.”

रामकिसन चकित झाले. गंगेला नाही म्हणतेस का, असे त्यांनी विचारले.

“गंगेले कायले नाई म्हनू? पन त्याइचा जीव ठसक्यात नोको जाले. ओठ ओले करू.”

रामकिसनांनी आजूबाजूला पाहिले. तेव्हा पायथ्याशी बसलेल्या मनकर्णाबाई म्हणाल्या, “सून म्हनते तसं करा भाऊजी. ह्या घरात त्याइचं तोंड तिनंच पाह्यलं हाय.”

रामकिसनांनी मला सरळ धरले. सोजरबाईने तुळशीचे पान माझ्यात बुडवले आणि ते दौलतरावांच्या ओठांवरून फिरवले. त्यांनी ओठ चाटले. गळ्याची घाटी एकदा वर गेली आणि खाली आली. अंथरुणावरचा हात सैल झाला. दुपारच्या आधी ते गेले, अगदी शांतपणे गेले. मी अजून जवळजवळ भरलेलेच होते. उरलेले पाणी सोजरबाईने तुळशीला घातले आणि मला उपडे करून कोनाड्यात ठेवले. तेव्हापासून मी इथेच आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणी असेल, ज्याला घास उतरायला वेळ लागतो. त्याला आडवे पाडून भरवू नका. त्याचे ताट सगळे कालवून एक करू नका, तो काय खातो आहे ते त्याला कळू द्या. पुढचा घास देण्याआधी त्याच्या तोंडाकडे पाहा. मी आयुष्यभर पुष्कळांच्या तोंडाशी होते आणि मला सगळे दिसत होते, पण थांबणे मला कधी जमले नाही. कुणी तिरपे केले की मी ओतते. थांबायचे ते धरणाऱ्या हाताने.