पौर्णिमेपर्यंत बाहेर झोपा

पुनमने मार्करचं टोपण दातांत धरलं आणि दोन्ही अंगठ्यांनी फोनवर मेसेज पुरा केला : 'भूकंप कधी होणार हे जगातलं कुठलंही यंत्र सांगू शकत नाही. गुरुजी, तुमचे ते तज्ज्ञ कोण, नाव सांगा. नाहीतर गावाची माफी मागा.'

मेसेज गेला. क्लासमध्ये पुढची बॅच दप्तरं आपटत बसत होती. फळ्यावर तिने लंबकाची आकृती काढायला घेतली, तरी टेबलावरचा फोन थरथरतच राहिला.

निलंग्याजवळच्या तिच्या गावात जमिनीतून पुन्हा गुरगुर ऐकू आली होती. त्यावर निवृत्ती गुरुजींनी गावाच्या ग्रुपवर टाकलं होतं, 'तज्ज्ञांच्या मते पौर्णिमेपर्यंत मोठा धक्का संभवतो. कुणीही घरात झोपू नये.' अख्खी गल्ली अंगणात बाजा टाकून झोपू लागली. मग तिच्या भावाच्या पोराच्या अंथरुणात घोणस निघाली, आणि पुनम पेटली. आलेख टाकले, नकाशे टाकले. गुरुजी दर वेळी तेच वाक्य पुन्हा टाकत.

आज मात्र गाव तिच्या बाजूने होतं.

'मॅडमनी गुरुजींची विकेट काढली.'

'गुरुजी, मंगळावर कधी हाय धक्का?'

तिच्या मेसेजचा फोटो काढून कुणीतरी आसपासच्या गावांतही फिरवला. संध्याकाळी गुरुजी ग्रुपमधून बाहेर पडले.

रविवारी ती एसटीने गावी आली. गल्लीतल्या बाजा घरात गेल्या होत्या.

"लई बेस केलंस," तिचा भाऊ भागवत म्हणाला. "लेकरं घरात झोपायलीत आता."

दिवस कलताना ती गुरुजींकडे गेली. सातवीत त्यांनी कागदावर लोखंडाचा कीस पसरून खाली चुंबक फिरवला होता. तिचं फिजिक्स तिथून सुरू झालं. गुरुजी ओट्यावर बसले होते. त्यांच्या मागे त्यांची बायको, कस्तुराबाई, उंबऱ्यात बसल्या होत्या, पाय बाहेर, एक हात चौकटीला घट्ट.

"रागावलात, गुरुजी?"

"न्हाई गं. तुझं बरोबर हाय."

"मग तसं कशाला टाकत होतात?"

"भूकंप आधी सांगता येत न्हाई, हे तुला कुणी शिकवलं, पुनम?"

"तुम्हीच," ती म्हणाली. गुरुजींनी मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"त्र्याण्णवच्या भूकंपात ही माहेरी होती. दोघी बहिणी हिच्यासमोर मातीच्या माळवदाखाली गेल्या. जमीन वाजली की हिला छत चालत न्हाई. पोराला, श्रीनाथला, लाज वाटती, एकटी म्हातारी अंगणात झोपती म्हणून. म्हटलं, चार दिवस सगळं गावच झोपू दे बाहेर. पौर्णिमेपर्यंत हिचं भ्या उतरतंय."

"मला एक फोन तरी करायचात, गुरुजी."

"काय सांगणार होतो फोनवर? आन् घोणस तर खरीच निघाली की."

श्रीनाथ आतून आला. हातात रात्री दाराला आतून लावायचं कुलूप होतं.

"मॅडम, उपकार झाले बघा. आमचं कुणी ऐकत नव्हतं. सायन्सवालीनंच सांगितलं म्हटल्यावर मिटलं." तो आईकडे वळला. "चल आई, आत. छत पडत न्हाई काही. तूबी चल."

"मी असं म्हणाले नव्हते, श्रीनाथदादा. पडणार नाही असंही कुणी सांगू शकत नाही."

"आता तुमीबी?" तो हसला. "म्हातारीसमोर तरी नका बोलू हो."

पुनम ओट्यावर बसली आणि फोन काढला. 'भूकंप होणार असं सांगता येत नाही, तसंच होणार नाही असंही सांगता येत नाही. ज्यांना भीती वाटते त्यांना बाहेर झोपू द्या.' दोनदा वाचून तिने ते पाठवलं.

उत्तर लगेच आलं. तिच्याच मेसेजचा तो फोटो. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'तज्ज्ञ कोण, नाव सांगा मॅडम.' त्याच्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागत गेली.

तिने फोन फरशीवर पालथा ठेवला. श्रीनाथ वाकून आईची बोटं चौकटीवरून सोडवत होता.

फोन थरथरला, फरशीतून गुरगुर उमटली. पुन्हा थरथरला. कस्तुराबाईंनी मोकळा झालेला हात झटकन खाली आणला आणि तळवा फरशीला लावून त्या ऐकत राहिल्या.